निकालावरचा निकाल

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



‘अपील’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो मूळचा परका आहे, याची जाणीवही आता उरलेली नाही. बांधावरच्या भांडणात हरलेला शेतकरी ‘मी अपिलात जाईन’ असे म्हणतो. क्वचित नुसते ‘मी वर जाईन’ असेही म्हणतो. ‘वर जाणे’ या वाक्प्रचाराला आपल्या भाषेत आणखी एक अर्थ आहे, आणि दिवाणी दाव्यांना लागणारा काळ पाहता पुष्कळदा दोन्ही अर्थ एकाच पक्षकाराच्या बाबतीत खरे ठरतात, ही गोष्ट वेगळी. परंतु वर गेल्यावर तेथे नेमके काय होते? खालच्या न्यायालयाचा निकाल वरचे न्यायालय कोणत्या नजरेने वाचते, कोठे थांबते आणि कोठे हस्तक्षेप करते? सुशिक्षित समाजातही याविषयी एक ढोबळ समजूत आहे. ती अशी की, अपिलात सारा खटला पहिल्यापासून पुन्हा चालतो आणि वरचा न्यायाधीश अधिक शहाणा असल्यामुळे तो खालच्याची चूक दुरुस्त करतो. या समजुतीत सत्याचा अंश आहे. पण तो अंशच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय हा आहे, आणि मराठी समाजाच्या इतिहासातील एका गाजलेल्या दत्तकप्रकरणाच्या आधाराने तो पाहावयाचा आहे. ते दत्तविधान या हैदराबादच्या निजामी राज्यातच घडले होते, म्हणून या शहरातील वाचकांना त्याचे अगत्य अधिक वाटावे.

आरंभी थोडे मागे जाऊ. निकालावर दाद मागण्याची कल्पना इंग्रजांनी आपल्याकडे आणली, असे मानण्याचे कारण नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत कुल, श्रेणी, पूग आणि राजाने नेमलेले अधिकारी अशी न्याय देणाऱ्यांची चढती परंपरा सांगितली आहे. त्याच स्मृतीत दोन नियम जवळजवळ आढळतात. निकाल अन्यायाने दिला गेला असेल, तर राजाने तो पुन्हा पाहावा आणि चुकीचा निकाल देणाऱ्या सभ्यांना जिंकलेल्या पक्षासह दंड करावा, हा एक. न्यायाने हरलेला माणूस आपण हरलो नाही असा हट्ट धरून परत आला, तर त्याला पुन्हा हरवून दुप्पट दंड करावा, हा दुसरा. चूक झाली असेल तर ती दुरुस्त व्हावी, पण भांडणाला शेवटही असावा, या दोन गरजांची ओढाताण स्मृतिकाराने इतक्या जुन्या काळी ओळखली होती. अपिलाचा सारा कायदा अखेर या दोन गरजांचा मेळ घालण्याच्या खटपटीतून निर्माण झाला आहे.

मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत. वादी-प्रतिवादी सभेचा निर्णय मानण्याविषयी आधी राजीनामा लिहून देत. निकालानंतर जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे आणि हरणारा येजितखत लिहून देई. म्हणजे हार मान्य असल्याचा कागद हरणाऱ्याच्याच हातून घेतला जाई. तरीही ‘गोताने पक्षपात केला’ अशी तक्रार घेऊन माणसे हुजुरात जात, परस्थळी मनसुबी व्हावी अशी मागणी करीत, आणि मग दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या सभेपुढे तंटा पुन्हा उभा राही. एकाच वतनाचा वाद दोनदोन, तीनतीन पिढ्या चालल्याची उदाहरणे जुन्या महजरांत आढळतात. या पद्धतीत पुनर्विचार होता. पण खालच्या निर्णयाला किती मान द्यावयाचा याचे ठरीव माप नव्हते. दुसरी सभा बसली की तंटा पुन्हा मुळापासून सुरू होई.

इंग्रजी अमलात न्यायालयांची उतरंड रचली गेली. मुंबई इलाख्यात आधी सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालती होत्या. त्यांची आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाची जागा १८६२ मध्ये उच्च न्यायालयाने घेतली. त्याच्याही वर, सातासमुद्रापलीकडे, लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती. १९४९ मध्ये तिचा भारतावरील अधिकार संपला आणि १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालय आले. निजामी राज्याची उतरंड स्वतंत्र होती. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची जबानी तो देई मराठीत. ती लिहिली जाई उर्दूत. आणि अपील घेऊन तो येई मुसेच्या काठी असलेल्या हैदराबादच्या उच्च न्यायालयात. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाड्याचे अपील मुंबईकडे गेले; पुढे १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ झाले. इकडे हैदराबादचे न्यायालय आंध्र प्रदेशाचे झाले आणि १ जानेवारी २०१९ पासून ते तेलंगणाचे उच्च न्यायालय म्हणून ओळखले जाते. सीमा बदलल्या, न्यायालयांची नावे बदलली. पण खालचा निकाल वाचण्याची रीत मात्र मोठ्या प्रमाणात तीच राहिली. ती रीत आता पाहू.

साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेली एक उपमा येथे उपयोगी पडेल. खालचे न्यायालय नाटकाचा प्रयोग पाहते. वरचे न्यायालय त्या नाटकाची संहिता वाचते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो, सरतपासणीत धडाधड बोलतो, उलटतपासणीत अडखळतो, वकिलाकडे पाहतो, घाम पुसतो. हे सारे पाहतो तो खालचा न्यायाधीश. वरच्या न्यायाधीशापुढे येतो तो कागद. त्या कागदावर ‘होय’ हा शब्द असतो. पण तो ठामपणे उच्चारलेला होता की चाचरत, हे कागद सांगत नाही. म्हणून साक्षीदार खरा की खोटा या प्रश्नावर खालच्या न्यायाधीशाच्या मताला अपिलात मोठे वजन दिले जाते. १९५० मध्ये सरजूप्रसाद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट स्पष्ट केली. निकाल साक्षीदारांच्या विश्वसनीयतेवर अवलंबून असेल, तर त्या साक्षीत खालच्या न्यायाधीशाच्या नजरेतून सुटलेली एखादी विशेष गोष्ट दिसल्याशिवाय, किंवा त्याने मानलेली हकीकत सकृद्दर्शनीच असंभवनीय वाटल्याशिवाय, अपील न्यायालयाने त्यात हात घालू नये, असे ते तत्त्व आहे.

परंतु संहिता वाचणाऱ्यालाही काही फायदे असतात. प्रयोग पाहताना जे निसटते, ते निवांत वाचनात सापडते. पृष्ठ दहावरील विधान आणि पृष्ठ नव्वदवरील विधान यांचा मेळ बसत नाही, हे वाचकाच्या लवकर ध्यानात येते. एखाद्या दस्तऐवजाचा अर्थ लावावयाचा असेल, तर तेथे खालच्या न्यायाधीशाला कोणताच विशेष लाभ नसतो. कागद दोघांनाही सारखाच दिसतो. म्हणून पहिल्या अपिलात वरच्या न्यायालयाला वस्तुस्थिती आणि कायदा या दोन्ही बाजू तपासण्याचा पूर्ण अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेने दिला आहे. मात्र त्या अधिकाराबरोबर बंधनही घातले आहे. निर्णयासाठी कोणते मुद्दे होते, प्रत्येक मुद्द्यावर काय ठरले आणि का ठरले, हे अपिलाच्या निकालपत्रात लिहिलेच पाहिजे. ‘खालच्या न्यायालयाशी सहमत’ एवढ्या दोन शब्दांत पहिले अपील निकालात काढता येत नाही. निकाल फिरवणाऱ्या न्यायालयावर तर ही जबाबदारी अधिकच येते. २००१ मध्ये संतोष हजारी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वस्तुस्थितीविषयीचा खालचा निष्कर्ष फिरवताना अपील न्यायालयाने खालच्या न्यायाधीशाने दिलेल्या कारणांना भिडले पाहिजे आणि आपला निष्कर्ष वेगळा का, हे सांगितले पाहिजे.

अपिलात नवा पुरावा सामान्यतः घेत नाहीत. खालच्या न्यायालयाने योग्य पुरावा नाकारला असेल, किंवा पुरेशी दक्षता घेऊनही पक्षकाराला तो तेव्हा मिळूच शकला नसेल, किंवा निर्णयासाठी खुद्द अपील न्यायालयालाच त्याची गरज वाटली, तरच अपवाद होतो. खालच्या न्यायालयातली प्रत्येक चूकही निकाल उलटवण्यास पुरत नाही. जी चूक निकालाच्या गुणवत्तेला किंवा न्यायालयाच्या अधिकाराला स्पर्श करीत नाही, तिच्यासाठी हुकूमनामा रद्द करू नये, असे संहितेचे कलम ९९ सांगते. दह्यात पडलेला केस काढून टाकावा; दह्याचे भांडे फोडू नये, असा हा व्यवहार आहे.

दुसऱ्या अपिलाची पायरी आली की दार अरुंद होते. तेथे प्रश्न केवळ कायद्याचा, आणि तोही महत्त्वाचा, असावा लागतो. अमुक शेत रामजी बारा वर्षे कसत होता की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. बारा वर्षे अशा रीतीने कसल्यामुळे त्याला मालकी मिळते की नाही, हा कायद्याचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या अपिलातच संपते. प्रिव्ही कौन्सिलने १८९० मध्ये दुर्गा चौधराणी यांच्या प्रकरणात हा नियम फार कठोरपणे मांडला होता: वस्तुस्थितीची चूक कितीही ढोबळ आणि अक्षम्य दिसली, तरी दुसऱ्या अपिलात तिला इलाज नाही. १९७६ च्या दुरुस्तीने हे दार आणखी आवळले. तेव्हापासून कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न कोणता, हे उच्च न्यायालयाला आधी लेखी मांडावे लागते आणि मगच अपील ऐकता येते. मात्र एखादा निष्कर्ष पुराव्यावाचूनच काढलेला असेल, किंवा पुराव्याच्या इतका विरुद्ध असेल की कोणताही समंजस माणूस तो काढणार नाही, तर तोच कायद्याचा प्रश्न बनतो. दार अरुंद असले, तरी एक फट अशी ठेवलेली आहे.

हे नियम कोरडे वाटतात. त्यांच्यात रक्तमांस कसे असते, हे पाहण्यासाठी ताईमहाराज प्रकरणाकडे वळावे लागेल.

पुण्याचे सरदार श्री वासुदेव हरिहर पंडित, म्हणजेच बाबामहाराज, ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले. ते लोकमान्य टिळकांचे स्नेही होते. राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात टिळक त्याच आठवड्यात जामिनावर सुटून आले होते. मृत्युशय्येवरील मित्राने केलेल्या मृत्युपत्रात टिळक, दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले होते. पत्नी ताईमहाराज त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला नाही, किंवा होऊन वारला, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी व्यवस्था मृत्युपत्रात होती. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला आणि मार्चमध्ये वारला. पुढे १९०१ च्या जूनमध्ये विश्वस्त आणि ताईमहाराज औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, गेले. घराण्याची एक शाखा, बाबरे, जवळच्या निधोन्यास होती. त्या शाखेतील जगन्नाथ या मुलाला २८ जून १९०१ रोजी दत्तक घेतले गेले, असे टिळकांचे म्हणणे. पुण्यास परतल्यावर मात्र ताईमहाराजांचे मन पालटले. त्यांनी प्रोबेट रद्द व्हावे म्हणून अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले. औरंगाबादेस दत्तविधान झालेच नव्हते, अशी त्यांची बाजू होती.

सारा वाद असा एका दिवसाच्या एका कृतीवर येऊन ठेपला. जगन्नाथाला त्याच्या पित्याने दिले काय, आणि ताईमहाराजांनी त्याला मांडीवर घेतले काय? हिंदू धर्मशास्त्रात दत्तविधानाचा गाभा देणे आणि घेणे हाच आहे. कृती घडली असेल तर दत्तक झाला. घडली नसेल तर नाही. प्रश्न सर्वस्वी वस्तुस्थितीचा होता. आणि तरी या एका वस्तुस्थितीविषयी न्यायालयांमागून न्यायालये परस्परविरुद्ध सांगत गेली.

पहिले मत पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांचे. प्रोबेटच्या अर्जात टिळकांची दिवसच्या दिवस उलटतपासणी चालली. एप्रिल १९०२ मध्ये ॲस्टन यांनी प्रोबेट रद्द केले, दत्तविधानाची हकीकत खोटी ठरवली आणि खोटी साक्ष, खोटा पुरावा तयार करणे अशा आरोपांवरून टिळकांना फौजदारी न्यायालयाकडे धाडले. ऑगस्ट १९०३ मध्ये विशेष मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड सांगितला. सत्र न्यायाधीश लुकस यांनी अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आणली. पण दोष कायम ठेवला. टिळकांना येरवड्यास नेण्यात आले. फौजदारी प्रकरणात पुढचे अपील नव्हते. उच्च न्यायालयाचा केवळ पुनरीक्षणाचा अधिकार होता, आणि त्या अधिकारात पुरावा पुन्हा तोलण्याचा प्रघात नाही. तरीही मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी मार्च १९०४ मध्ये शिक्षा रद्द केली. टिळक सुटले आणि दंड परत मिळाला.

फौजदारी बाजू अशी मिटली. दिवाणी दावा उरला होता. ताईमहाराज १९०३ मध्येच वारल्या होत्या. दावा मात्र चालतच राहिला, कारण तो आता दोन दत्तकांचा झाला होता. पुण्याचे प्रथम वर्ग सबजज्ज यांनी ३१ जुलै १९०६ रोजी औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरवले. त्यावर मुंबईस पहिले अपील झाले. १९१० मध्ये न्यायमूर्ती चंदावरकर आणि न्यायमूर्ती हीटन यांनी निकाल फिरवला. दत्तविधान झालेच नाही आणि त्याविषयीच्या साक्षी विश्वसनीय नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो टिळक-खापर्डे यांच्यावर कटाचा आणि खोटेपणाचा ठपका ठेवणारा होता. हा निकाल लागला तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते.

येथे अपिलाचे तत्त्व कसोटीला लागते. पहिल्या अपिलात वस्तुस्थिती तपासण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला होता. त्यात शंका नाही. प्रश्न होता तो अधिकार कसा वापरला याचा. २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला; तो लॉर्ड शॉ यांनी सांगितला. दोन न्यायालयांचे वस्तुस्थितीविषयी एकमत असते, तर प्रिव्ही कौन्सिल सहसा त्यात शिरली नसती. तसा तिचा प्रघात होता. येथे सबजज्ज एक सांगत होते आणि उच्च न्यायालय दुसरे, म्हणून लंडनच्या न्यायमूर्तींना सारे कागद उघडावे लागले. औरंगाबादेस एका घरात जे घडले, त्याविषयीच्या मराठी जबान्या आणि मराठी कागद इंग्रजीत उतरून, छापून, जहाजाने तेथवर गेले होते. ज्यांनी ‘मांडीवर घेणे’ हा शब्द कधी ऐकला नव्हता, अशांनी तो इंग्रजीत वाचला आणि त्याचा निकाल केला.

त्यांना दिसलेला दोष असा. घटनेनंतर लिहिलेल्या काही पत्रांतील संदिग्ध शब्दांवरून उच्च न्यायालयाने साक्षीदार खोटे ठरवले होते. परंतु ती पत्रे साक्षीदार पिंजऱ्यात असताना त्यांच्यापुढे ठेवून ‘याचा खुलासा काय?’ असे त्यांना विचारलेच गेले नव्हते. ज्या कागदाच्या आधारे माणसाला खोटा ठरवावयाचे, तो कागद आधी त्याला दाखवावा आणि त्याचे म्हणणे ऐकावे, हा नियम पुरावा कायद्याच्या कलम १४५ मध्ये होता. साक्षीदाराची प्रतिष्ठा आणि चारित्र्य पणाला लागलेले असेल तेथे तर हा नियम काटेकोरपणे पाळणे न्यायालयाचे अधिकच उघड कर्तव्य ठरते, अशा आशयाचे मत प्रिव्ही कौन्सिलने नोंदवले. कटाचा आणि खोट्या साक्षीचा ठपका निराधार ठरला, उच्च न्यायालयाचा निकाल गेला आणि पुण्याच्या सबजज्जांचा निकाल पुन्हा उभा राहिला.

या प्रकरणातून अपिलाविषयी बरेच शिकण्यासारखे आहे. केवळ ‘अखेर सत्याचा जय झाला’ असे म्हणून ते संपवणे सोयीचे होईल. पण ते पुरेसे नाही. एकाच पुराव्यावर प्रामाणिक न्यायाधीश परस्परविरुद्ध निष्कर्ष काढू शकतात, हे आधी मान्य केले पाहिजे. चंदावरकर हे विद्वान आणि प्रतिष्ठित न्यायमूर्ती होते. त्यांचे टिळकांशी राजकीय मतभेद होते हे खरे, पण प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला तो त्यांच्या हेतूवरून नव्हे, त्यांनी पुराव्यातून काढलेल्या अनुमानाच्या पद्धतीवरून. अपील न्यायालयाचे काम हेतू तपासण्याचे नसते. निष्कर्षापर्यंत येण्याची वाट तपासण्याचे असते. संहिता वाचणाऱ्याला शब्दांतील विसंगती दिसते, हा त्याचा लाभ. पण ती विसंगती पाहून तो पात्राला प्रश्न विचारू शकत नाही, ही त्याची उणीव. उच्च न्यायालयाने लाभ घेतला आणि उणीव विसरली, असे या प्रकरणाचे सार सांगता येईल.

फौजदारी अपिलाचा विचार थोडक्यात करू, कारण तेथे माणसाचे स्वातंत्र्य आणि कधी प्राणही पणाला लागलेले असतात. खालच्या न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले असेल आणि सरकार अपिलात आले असेल, तर वरचे न्यायालय सारा पुरावा तपासू शकते. मात्र १९३४ मध्ये शिवस्वरूप यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलेल्या चार गोष्टी त्याने मनाशी ठेवाव्या लागतात: साक्षीदारांविषयी खालच्या न्यायाधीशाचे मत, आरोपी निर्दोष असल्याचे गृहीत, जे सुटकेने दुबळे होत नाही, संशयाचा फायदा मिळण्याचा आरोपीचा हक्क, आणि साक्षीदारांना प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाचा निष्कर्ष सहजासहजी न मोडण्याची सावधगिरी. दोन मते संभवत असतील, तर सुटकेचे मत राहू द्यावे, ही रीत आजही आहे.

मुंबईच्या नानावटी खटल्यात या विषयाची दुसरी बाजू दिसते. १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही आणि तत्कालीन कायद्याप्रमाणे त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. ज्यूरीच्या कौलात न्यायालये सहसा पडत नसत. परंतु ज्यूरीला कायदा समजावून सांगण्यातच चुका झाल्या होत्या आणि पुराव्यावरून कोणीही समंजस माणूस असा कौल देणार नाही, असे उच्च न्यायालयाला दिसले. १९६० मध्ये त्याने आरोपीला दोषी ठरवले आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. लोकमत, वृत्तपत्रे आणि ज्यूरी एका बाजूला असताना कागद वाचणाऱ्यांनी वेगळे सांगितले, हे येथे ध्यानात घ्यावे.

मृत्युदंडाच्या बाबतीत कायदा आणखी सावध आहे. सत्र न्यायालयाने फाशी सांगितली, तरी उच्च न्यायालयाने तिला मान्यता दिल्यावाचून ती अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही, त्याची ऐपत नसली, त्याची इच्छा नसली, तरीही प्रकरण वर जातेच आणि तेथे पुरावा नव्याने तपासावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. जी चूक नंतर दुरुस्त करता येणार नाही, तिच्यापूर्वी दुसऱ्या डोळ्यांनी कागद वाचलाच पाहिजे, हा त्यातला विचार आहे.

शेवटी काळाचा हिशेब मांडला पाहिजे. औरंगाबादेस जगन्नाथ मांडीवर बसला तो १९०१ मध्ये, आणि तो खरोखर बसला होता हे ठरले १९१५ मध्ये. चौदा वर्षांत मुलाचा तरुण झाला. ज्यांच्या मांडीचा हा वाद होता त्या ताईमहाराज निकालाच्या बारा वर्षे आधी गेल्या. एका विश्वस्ताला तुरुंगाचे दार पाहावे लागले आणि तो पुढे दुसऱ्याच कारणाने दूर मंडालेस राहून परत आला. हा खटला श्रीमंतांचा होता. लंडनपर्यंत जाण्याचा खर्च त्यांना पेलला. ज्याला तालुक्याहून जिल्ह्याला जाण्याचे एस.टी.चे भाडे जड वाटते, त्याच्या बाबतीत अपिलाची प्रत्येक पायरी ही न्यायाची आशा असते आणि त्याच वेळी जिंकलेल्या हक्काचा उपभोग लांबणीवर टाकणारी अडचणही असते. म्हणूनच उच्च न्यायालयात नव्वद दिवसांची आणि इतर अपील न्यायालयांत तीस दिवसांची मुदत, दुसऱ्या अपिलावरील बंधने आणि किरकोळ चुका सोडून देण्याची रीत यांकडे केवळ तांत्रिक अडथळे म्हणून पाहू नये. स्मृतिकाराने हट्टाने परत येणाऱ्याला सांगितलेला दुप्पट दंड आणि आजची ही बंधने यांच्या मुळाशी एकच काळजी आहे. न्याय चुकू नये, हे खरे. पण न्याय मिळाल्यावर तो भोगण्यास माणूस जिवंतही असला पाहिजे.

औरंगाबादच्या त्या दत्तविधानाचे पुढे काय झाले, हे आज फारसे कोणी विचारत नाही. सरदार घराणी गेली, इनामे गेली, प्रिव्ही कौन्सिलही गेली. पुरावा कायद्याची जागासुद्धा २०२४ मध्ये नव्या अधिनियमाने घेतली. मात्र साक्षीदाराला त्याचाच कागद दाखवून खुलाशाची संधी द्यावी हा नियम त्यातही राहिला आहे. त्या नियमाचा अर्थ सांगताना १९१५ च्या ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ या निकालाचा आधार न्यायालयांतून घेतला जातो. तालुक्याच्या न्यायालयात एखाद्या अनोळखी साक्षीदाराला त्याचेच जुने पत्र दाखवून जेव्हा विचारले जाते, ‘हे तुमचेच अक्षर ना? मग याविषयी तुमचे काय म्हणणे आहे?’, तेव्हा मराठी माणसांच्या एका कडू भांडणातून चौदा वर्षांनी निघालेले हे शहाणपण त्याच्या संरक्षणाला उभे असते.